बाबा, ती वही तुम्ही भरा

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

बाबांच्या मधुमेहाचा नवा रिपोर्ट आणि साखरेच्या वहीचे फोटो मिळाले. वहीत सकाळचे उपाशीपोटीचे आकडे आहेत, 118, 124, 130 असे. रिपोर्टमध्ये मात्र एचबीएवनसी 8.4 टक्के. आई फोनवर म्हणाली, लॅबवाल्यांचंच काहीतरी चुकलं असेल. मला तसं वाटत नाही. दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि म्हणूनच फोनवर बोलण्याऐवजी सविस्तर लिहायला बसले.

रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात. तेवढ्या काळात रक्तात जितकी साखर जास्त, तितकी ती हिमोग्लोबिनला अधिक चिकटत जाते. एचबीएवनसी तेच मोजतं, म्हणून त्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. 8.4 टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे 194. रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवू शकतो, पण बाबांचं हिमोग्लोबिन त्याच रिपोर्टमध्ये नीट आहे. मग सकाळी 124 आणि सरासरी 194, याचा अर्थ दिवसात कधीतरी साखर बरीच वर जातेय आणि नेमकी त्याच वेळी आपण ती तपासत नाही.

बाबा, एक विनंती आहे. रोज सकाळी एकदाच तपासण्याऐवजी थोडे दिवस जोडीनं तपासा. एका जेवणाच्या आधी एकदा, आणि त्याच जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा एकदा. आज नाश्ता, उद्या दुपारचं जेवण, परवा रात्रीचं. पट्ट्या फार लागणार नाहीत, आणि आठवड्याभरात कळेल की साखर कुठल्या जेवणानंतर चढते. दोन आकड्यांच्या शेजारी काय आणि किती खाल्लं, जेवल्यावर चाललात की आडवे झालात, एवढंच लिहा. हात साबणानं धुऊन कोरडे करा, कारण बोटाला फळाचा गोडवा राहिला तरी आकडा खोटाच वर दिसतो. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं.

मग एक प्रयोग करून पाहा. ज्या जेवणानंतर साखर जास्त चढते, त्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला आणि पुन्हा तपासा. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे बहुतेकांना फरक दिसतो. तुम्हाला किती दिसतो ते तुमची वहीच सांगेल. दुसऱ्या कुणी दिलेल्या सल्ल्यापेक्षा हा स्वतः पाहिलेला फरक तुम्हाला जास्त पटेल, एवढं मी तुम्हाला ओळखते.

आणि जास्त आलेला आकडा लपवू नका. खूप जेवण झालं त्या दिवशी तपासणीच टाळली जाते, हे वहीतल्या रिकाम्या ओळींवरून कळतं. तो परीक्षेतला निकाल नाही, बाबा. 240 आला तर तो कशामुळे आला हे शोधायला मिळतं. कोरी ओळ काहीच सांगत नाही.

आई, आता तुझ्याशी. गोळ्या काढून ठेवणं, तपासणीची आठवण, डॉक्टरांसमोर उत्तरं देणं हे सगळं तू वर्षानुवर्षं निगुतीनं केलंस. ते तुझ्यामुळेच इथवर सांभाळलं गेलं. पण दवाखान्यात डॉक्टर बाबांना विचारतात आणि उत्तर तू देतेस. बाबांना स्वतःच्या गोळ्यांची नावं माहीत नाहीत. कधी तू आजारी पडलीस, तर हे सगळं कोण पाहणार? वर्षात 8760 तास असतात. डॉक्टरांसमोर त्यातला एखादाच जातो. बाकीचे सगळे निर्णय बाबांचे स्वतःचे, दिवसातून कितीतरी वेळा घ्यायचे. बॉस्टनच्या डॉ. एलियट जोस्लिन यांनी 1918 मध्ये, इन्सुलिनचा शोध लागायच्याही आधी, डॉक्टरांबरोबर रुग्णांसाठीही मधुमेहाची पुस्तिका लिहिली होती. रुग्णाला शिकवणं हा त्यांच्यासाठी उपचाराचाच भाग होता. मला ते मनापासून पटतं. म्हणून वही बाबांनीच भरावी, गोळ्यांचा डबाही त्यांनीच. तू जेवताना त्यांच्या ताटावर नजर ठेवणं सोडून दे. त्यानं तुम्हा दोघांनाही त्रास होतो आणि साखर काही उतरत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हा दोघांनाही तोंडपाठ हवी. बाबांच्या मधुमेहाच्या दोन गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन एकटीनं सहसा साखर धोकादायक खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेऊ शकते, कारण ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा किंवा नसा. म्हणून ती घेतल्यावर जेवण लांबवायचं नाही. घाम, थरथर, अचानक भूक, चिडचिड, गोंधळल्यासारखं वाटणं, यातलं काही जाणवलं की लगेच तपासायचं. 70 च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल तर न तपासताच, 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची. 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू शोषली जाते. या गोळीचा असर बराच वेळ राहतो, म्हणून बरं वाटल्यावरही काहीतरी खाऊन घ्यायचं आणि पुढचे काही तास लक्ष ठेवायचं.

बाबांची ब्लड प्रेशरची गोळी बीटा-ब्लॉकर आहे. तिच्यामुळे साखर उतरताना होणारी धडधड आणि थरथर दबून राहू शकते. घाम मात्र सहसा येतोच. विनाकारण घाम फुटला तर उकाड्यावर ढकलू नका, तपासा. आणि आई, ते शुद्धीवर नसतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, घास श्वासनलिकेत अडकू शकतो. कुशीवर वळवायचं आणि ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवायची.

हे सगळं कशासाठी, असं बाबा विचारतील. ब्रिटनमध्ये टाइप 2 मधुमेहाचं निदान नुकतंच झालेल्या पाच हजारांहून अधिक लोकांना वर्षानुवर्षं अभ्यासलं गेलं, त्याचे निष्कर्ष 1998 मध्ये आले. साखर अधिक काटेकोर ठेवलेल्या गटात डोळे आणि मूत्रपिंडांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले. पण काटेकोर म्हणजे कमीत कमी नव्हे. वय वाढलं की साखर फार खाली जाण्याचा धोकाही मोजावा लागतो, म्हणून कुणाला 7 टक्क्यांच्या आसपास, तर कुणाला 8 च्या खालीही पुरेसं मानतात. तुमचं उद्दिष्ट किती, हे बाबा, तुम्ही स्वतः डॉक्टरांना विचारा. 8.4 पाहून घाबरून स्वतःच गोळी वाढवू नका. साखर उतरल्याचं कधी जाणवलं असेल, तर तेही सांगायचं, कारण त्यावर ग्लिमेपिराइड कमी करायची की बदलायची हे ठरेल. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे, तर बी12 जीवनसत्त्व तपासायचं का, तेही विचारा.

डोळ्यांची बाहुली मोठी करून होणारी तपासणी आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची चाचणी वर्षातून एकदा हवी. या वर्षीची झालेली दिसत नाही. पाय रोज रात्री पाहा, तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा. संवेदना कमी झाली की खुपलेलं कळत नाही, जखम मात्र वाढत जाते. गरम पाण्याची पिशवी पायाला अजिबात लावू नका.

जोडीच्या आकड्यांचं पहिलं पान भरलं की फोटो पाठवा, बाबांच्या अक्षरातला. रविवारी सावकाश बोलू, आणि या वेळी फोन आधी बाबांकडे द्यायचा, आई.

तुमची लेक