गलाई बांधवांची तपासणी क्रिएटिनिनवर थांबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक किडनी दिन आला की मार्चमध्ये आमच्या विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यातही शिबिरे होतात. साखर, रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्त किती नीट गाळते हे सांगणारी रक्तचाचणी) आणि लघवीत बुडवायची पट्टी. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की माणूस निर्धास्त होऊन पुन्हा भट्टीवर. मधुमेहींसाठी या तपासण्या योग्यच आहेत. पण इथली अनेक घरे गलाईवर, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यावर जगतात, आणि जुने सोने-चांदी आटवणाऱ्या माणसासाठी त्या अपुऱ्या आहेत.

मोडीत येणाऱ्या जुन्या दागिन्यांत ‘केडीएम’चे दागिने असतातच. पूर्वीच्या झाळीत (दागिन्याचे सांधे जोडणाऱ्या धातूत) तांबे वगैरे असल्याने दागिना आटवला की कस उतरायचा. म्हणून ९२ भाग सोने आणि ८ भाग कॅडमियम हा धातू अशी झाळ आली, तीच ‘केडीएम’. कॅडमियम उडून जाते, कस टिकतो, गिऱ्हाईक खूश! उडून जाते कुठे, हे मात्र कुणी विचारले नाही. कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळते, सोने वितळायला १०६४ अंश लागतात. म्हणजे मुशीतल्या सोन्याचे पाणी होईपर्यंत कॅडमियमचा धूर खोलीत पसरलेला असतो. आता हॉलमार्कच्या दागिन्यात कॅडमियम चालत नाही आणि २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. पण घराघरांतले जुने डबे अजून कित्येक वर्षे मोडीला येत राहणार. आपली पोरे काश्मीरपासून केरळपर्यंत सराफ कट्ट्यामागच्या बोळांत, एका खिडकीच्या खोलीत हे काम करतात. सोने शुद्ध करायच्या तेजाबाच्या (आम्लाच्या) तांबूस वाफेला सगळे भितात, कारण ती नाकाला झोंबते. कॅडमियमचा धूर त्या वेळी फारसा झोंबतही नाही.

श्वासातून गेलेले कॅडमियम मूत्रपिंडात साठते. त्यातले निम्मे बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात. पहिला मार बसतो तो गाळणीवर नव्हे, तर गाळलेल्यातून उपयोगी पदार्थ परत शोषून घेणाऱ्या सूक्ष्म नलिकांवर. गाळणी शाबूत असल्याने क्रिएटिनिन ठीक दिसते. ते साधारण निम्मी क्षमता गेल्यावर वाढू लागते. पट्टीवर मुख्यतः अल्ब्युमिन हे मोठे प्रथिन कळते. नलिका बिघडल्यावर आधी सुटतात ती लहान प्रथिने: बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, रेटिनॉल बाइंडिंग प्रोटीन. ती लघवीत मोजायची तर वेगळी चाचणी सांगावी लागते, आणि आपल्याकडे ती सहसा कुणी सांगत नाही.

अमेरिकेत कॅडमियमशी संबंध येणाऱ्या कामगारांसाठी १९९२ पासून नियम आहे. रक्तातले व लघवीतले कॅडमियम आणि लघवीतले बीटा-२ अशा तिन्ही चाचण्या करायच्या. लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे कॅडमियम ३ मायक्रोग्रॅमच्या किंवा बीटा-२ हे ३०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की कामाच्या जागेची तपासणी सुरू होते. जपानने याची किंमत आधीच मोजली होती. कामिओका खाणीतले कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत गेले, नलिका बिघडून हाडे ठिसूळ झाली आणि १९६८ मध्ये सरकारने ‘इताई-इताई’ हा प्रदूषणजन्य आजार असल्याचे मान्य केले.

बीटा-२ आम्लधर्मी लघवीत लवकर नष्ट होते आणि आकडा खोटा कमी येतो. त्यामुळे नमुना कसा घ्यायचा हे प्रयोगशाळेला आधी विचारावे, नाहीतर रेटिनॉल बाइंडिंग प्रोटीन करावे. बिघाड लवकर सापडला आणि धूर थांबला तर तो तिथेच रोखता येण्याची आशा असते. पुढे गेल्यावर काम सोडले तरी साठलेले कॅडमियम काढून टाकणारे खात्रीचे औषध नाही.

दोन-चार माणसांच्या दुकानाला कारखान्यांचे नियम सहसा लागू होत नाहीत, त्यामुळे तिथे निरीक्षक येत नाही. म्हणून गलाई व सराफ संघटनांनीच पुढे यावे. मंडळी जत्रेला आणि लग्नसराईत गावी येतात, तेव्हा जिल्हा आरोग्य विभागाच्या मदतीने भट्टीवर बसणाऱ्यांची ही तपासणी दरवर्षी व्हावी. संघटनेच्या वर्गणीतून भट्टीवर धूर खेचणारे धुराडे बसवायला मदत मिळावी. बिडी-सिगारेटमधूनही कॅडमियम जातेच, ती सुटली तर उत्तम. आणि केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात आपण सगळे ‘सोने-चांदी व्यापार’ लिहितो, त्याऐवजी ‘भट्टीवर आटणीचे काम’ असे लिहावे, म्हणजे डॉक्टर पुढचे प्रश्न विचारतील.

आपला,
एक वाचक, विटा (जि. सांगली)