ताई, तू मला कच्चा लिंबू केलं नाहीस

प्रिय ताई,

थँक्यू म्हटलं की तुझं ठरलेलं, "मी काय केलं रे, खेळतोयस तर तूच." म्हणून या वेळी लिहूनच काढतो काय केलंस ते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण आपल्या इनलाइन हॉकीच्या, म्हणजे चाकांच्या स्केट्सवर खेळतात त्या हॉकीच्या, रिंकवर हल्ली पस्तिशी-चाळिशीतली माणसं आयुष्यात पहिल्यांदा स्केट्स बांधून यायला लागलीत आणि जे चांगलं खेळतात त्यांच्या हातात किती काय असतं हे त्यांना कुणी सांगत नाही.

टीममधला सगळ्यात कच्चा खेळाडू असलं की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक ओरडणारी. त्यांचं मला फार काही नाही, ओरडून झालं की विसरतात. दुसरी प्रेमळ, आणि ती आपल्याला कच्चा लिंबू करतात, गल्ली क्रिकेटमध्ये धाकट्या भावाला करतात ना अगदी तसं. पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती चपटी चकती, आपल्याजवळ आला की आपलाच माणूस झपकन येऊन घेऊन जातो, समोरचे अंगावर येत नाहीत, पास तर नाहीच, आणि शेवटी सगळे पाठीवर थाप मारून "मस्त रे" म्हणतात. वाईट कुणाच्याच मनात नसतं. पण परत जाताना लोकलच्या लगेजच्या डब्यात ती एवढी मोठी किट बॅग पायाशी घेऊन उभं राहिलं की कळतं आज आपण खेळलोच नाही, नुसते रिंकवर होतो. मी सोडायच्या बेतातच होतो तेव्हा, खरं सांगतो.

तू आमच्यात आलीस आणि पहिल्याच गेमला मला पास दिलास. गेला तो माझ्या स्टिकवरून उसळून. पुढच्या मिनिटाला परत दिलास. तोही गेला. तिसऱ्यांदा पण दिलास आणि त्या वेळी मी टीममधल्या बाकीच्यांचे चेहरे बघत होतो, तू मात्र माझ्या स्टिककडे बघत होतीस.

तुझा पास कसा असतो हे इतरांना कळावं म्हणून जरा डिटेलमध्ये लिहितो. आधी नावाने हाक, मग "स्टिक खाली!", आणि पक कोब्याला चिकटून सपाट, उड्या न मारता, बरोबर फोरहँडच्या बाजूला. स्पीड असा की घाबरायला होत नाही पण झोपून पण चालत नाही. ब्रेकमध्ये ग्लोव्ह्ज काढून तू दाखवलंस की माझा खालचा हात स्टिक आवळून धरतो, म्हणून पक भिंतीवर आपटल्यासारखा उडतो. खालची बोटं सैल सोड, पक येतोय तसं स्टिकचं ब्लेड, म्हणजे खालचं पातं, त्याच्याबरोबर वीतभर मागे ने आणि ब्लेड पकवर थोडं झाकल्यासारखं धर. माझी स्टिक धरून तू दहा-बारा वेळा तेच केलंस, बाकीचे पाणी पीत होते तेव्हा. पुढच्या हाफमध्ये एक पास माझ्या ब्लेडवर येऊन गप्प बसला, आणि मी वर बघितलं तर तू पुढे निघून पण गेली होतीस, परत पास मागत, जसं काही हे रोजचंच आहे. मला त्याचंच सगळ्यात जास्त बरं वाटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे तू मला काम दिलंस. यूट्यूबवर बघून मी आपला डेक करायला, पक नाचवायला शिकायच्या मागे होतो. तू म्हणालीस ते राहू दे सध्या, तू गोलसमोर लांबच्या पोस्टला, म्हणजे पक ज्या बाजूला आहे त्याच्या पलीकडच्या खांबाशी, जाऊन उभा राहा, स्टिक जमिनीवर, बास. आधी वाटलं मला बाजूला काढतेयस की काय. मग तू समजावलंस की इनलाइनमध्ये गोली, म्हणजे गोलकीपर, सोडून चारच जण असतात, तू तिथे उभा राहिलास की समोरच्या चारातला एक तुझ्याकडे बघणारच, त्याला बघावंच लागतं कारण पक तुझ्या स्टिकला नुसता लागला तरी आत जाऊ शकतो, म्हणजे उरलेले तिघं आपल्या तिघांना पुरे पडायला बघतात आणि आपल्याला जागा मिळते. मी स्लो आहे याने त्या गणितात काहीच फरक पडत नाही! हे मला आधी कुणी का सांगितलं नव्हतं?

आणि पक गेला की काय करायचं तेही. ज्याच्याकडे पक आहे त्याच्या मागे धावू नकोस, तुझ्या स्पीडने तो सापडणार नाही, तू सरळ आपल्या गोलकडे मागे ये, मधल्या पट्ट्यातून, आणि स्टिक पकवाला आणि तो ज्याला पास देईल त्या दोघांच्या मधे आडवी ठेव. मागच्या पावसाळ्यानंतर एकदा दोन जण सुटून आपल्या गोलवर येत होते, गोलीसमोर तू एकटी होतीस, मी मधून मागे आलो आणि त्यांचा पास माझ्या स्टिकला लागून रेलिंगकडे गेला. गोल नाही, काही नाही, कुणी फोटो पण काढणार नाही अशी गोष्ट. तू स्टिक दोनदा कोब्यावर आपटलीस. टक टक. हॉकीत टाळ्या अशाच वाजवतात हे मला तेव्हा माहीत होतं, पण माझ्यासाठी पहिल्यांदाच वाजल्या होत्या.

शिफ्टबद्दल, म्हणजे आळीपाळीने आत-बाहेर होण्याबद्दल, तर लिहायलाच हवं. तू टोरंटोला नोकरीत होतीस तेव्हाचं सांगतेस ना, की तिकडे मोठ्यांच्या हौशी लीग असतात, ए पासून डी पर्यंत डिव्हिजन, संध्याकाळचा बर्फ मुलांना जातो म्हणून यांची मॅच रात्री साडेदहाला वगैरे, सकाळी ऑफिस असतं तरी माणसं येतात, आणि त्यातली कितीतरी लहानपणी कधी न खेळलेली असतात. तिथली शिस्त तू इकडे आणलीस. पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं आणि बाहेर यायचं. कच्च्या खेळाडूला वाटतं आपण बाहेरच बरे, आणि चांगल्याला वाटतं आपण आत राहिलो तर टीम जिंकेल, त्यामुळे कुणी काही न बोलताच वेळेची वाटणी होऊन जाते. तू मात्र दर वेळी वेळेवर बाहेर यायचीस. स्कोअर बरोबरीत, शेवटची दोन मिनिटं, आणि तू रेलिंगपाशी येऊन मला म्हणालीस "जा". एक जण तुझ्यावर चिडला पण होता, आत्ता बदलायची गरज होती का म्हणून, आणि तू शांतपणे सांगितलंस की दमलेल्या माझ्यापेक्षा ताजा तो बरा. ती मॅच आपण हरलो. तू त्यानंतर पण एकदाही वेगळं वागली नाहीस. जिंकलो असतो तर हे मला इतकं लक्षात राहिलं नसतं कदाचित.

सामानाचं थोडक्यात. हॉकीचे स्केट्स बुटाच्या नंबरपेक्षा एक-दीड नंबर लहान लागतात, पैसे आधी फिटिंगच्या स्केट्सना आणि हेल्मेटला घाल, महागडी कंपोझिट स्टिक नंतर, हे तू सांगितलंस म्हणून माझे पैसे वाचले आणि घोटे पण. तुझे जुने एल्बो पॅड्स अजून माझ्याकडेच आहेत.

आणि लेह. मुंबईत पूर्ण मापाची बर्फाची रिंक नाही, त्यामुळे आपल्यासारख्यांना खरा बर्फ म्हणजे जानेवारीतलं लडाख. तू ग्रुप जमवलास तेव्हा मी स्वतःहून नाव दिलंच नव्हतं, तू टाकलंस. साधारण ३५०० मीटर उंची, पहिले दोन दिवस तू कुणाला स्केट्सना हात लावू दिला नाहीस, नुसतं आराम आणि गरम पाणी. मग ती नैसर्गिक बर्फाची रिंक, रात्री पाणी पसरून ठेवतात आणि सकाळी काचेसारखी तयार. चाकांवर थांबायचं म्हणजे मागचा पाय आडवा घासायचा, बर्फावर दोन्ही स्केट्सची ब्लेड एकदम आडवी फिरवून बर्फ खरवडत थांबायचं, आणि ते फिरवायला अंगातली भीती जायला लागते. तू स्टिकचं एक टोक धरलंस, दुसरं माझ्या हातात दिलंस, मला ओढत नेलंस आणि "आता फिरव". सकाळभर. शेजारी तुझ्या तोडीचे लोक गेम लावून खेळत होते, तुला दोनदा बोलावलं पण, तू गेली नाहीस. डावीकडे थांबायला मी तिथेच शिकलो. उजवीकडे अजून येत नाही, ते या जानेवारीत.

त्या बर्फावर पक पण वेगळा. इनलाइनचा हलका, प्लास्टिकचा. हा भरीव रबराचा, दीडशे ग्रॅमच्या वर, हातात घेतला तेव्हाच जाणवलं. शिवाय निळी रेषा, ऑफसाइड, जे आपल्या इनलाइनमध्ये नाहीच. पक समोरच्यांच्या बाजूची निळी रेषा ओलांडून आत जायच्या आधी आपण आत जायचं नाही. तू साधा उपाय दिलास, एक पाय रेषेवर ठेवून थांब, पक गेला की जा. संध्याकाळी तिथल्या लोकांबरोबर मिक्स गेम झाला त्यात मी तेवढंच करत राहिलो आणि एकदाही शिट्टी माझ्यामुळे वाजली नाही.

तिथेच बेंचवर चहा पिताना तू भारताच्या महिला आइस हॉकी टीमचं सांगितलंस. २०१६ मध्ये पहिल्यांदा इंटरनॅशनल खेळल्या, तैपेईला, तेव्हा सगळ्या मॅच हरल्या होत्या आणि पुढच्याच वर्षी बँकॉकला फिलिपिन्सला हरवून पहिला विजय. टीममध्ये बहुतेक लडाखच्याच मुली, वर्षातले दोनेक महिने बर्फ, बाकी वेळ नाही. २०२५ मध्ये अल ऐनला त्यांनी आशिया कपचं ब्राँझ आणलं तेव्हा आपल्या ग्रुपवर पहिला मेसेज तुझाच होता, फोटो आणि खाली नुसते बारा उद्गारचिन्ह. तुला हा खेळ किती आवडतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि मग हेही कळलं की स्वतःचा खेळ सोडून माझ्या स्टिकचं टोक धरून फिरण्यात तुझं काय जात होतं.

तर हे सगळं तू केलंस. यातलं प्रत्येक मी घरी बायकोला सांगितलंय, आईला सांगितलंय, ऑफिसात तर सगळ्यांना तुझं नाव पाठ आहे. तुलाच तेवढं नीट सांगायचं राहिलं होतं. मनापासून आभार ताई.

आता कामाचं. या रविवारी तिघं नवीन येतायत, दोघांना नीट उभं राहता येतं, एकाला अजून रेलिंग लागतं. त्याच्याबरोबर लाइनमध्ये, म्हणजे एकत्र आत जाणाऱ्या चौघांत, मला टाक, लांबच्या पोस्टचं मी त्याला समजावतो, पहिला पास मात्र तू दे, तुझ्यासारखा सपाट मला अजून जमत नाही. मेगाब्लॉक आहे त्यामुळे मी ठाण्याहून लवकर निघतोय. आणि मागच्या वेळी तुझ्या चाकांतले बेअरिंग पावसाच्या दमटपणाने गंजून करकरत होते, तर जोडीचे सोळाच्या सोळा माझ्याकडे दे, रॉकेलमध्ये धुऊन, तेल घालून सोमवारी संध्याकाळी तुझ्याकडे आणून देतो. नाही म्हणू नकोस.

तुझा,
लांबच्या पोस्टवाला