पथदिव्यांना झाकणे हवीत

महोदय,

पथदिवे बंद असल्याच्या तक्रारी आपल्या पत्रसदरात नेहमीच वाचतो. माझी तक्रार उलटी आहे. आमच्या वस्तीतले दिवे रस्त्याइतकाच उजेड आमच्या गच्चीवर पाडतात. त्यापायी आकाशातले काय हुकले, ते सांगतो.

सप्तर्षीतले वसिष्ठ आणि मरीची हे शेपटीच्या टोकाचे दोन तारे आणि एम १०१ ही सर्पिल दीर्घिका (भोवऱ्यासारख्या भुजा असलेला अब्जावधी ताऱ्यांचा समूह) मिळून जवळजवळ समभुज त्रिकोण होतो. १९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना या दीर्घिकेच्या एका भुजेत नवा ठिपका दिसला. तो अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेला तारा होता; त्याचे नाव एसएन २०२३ आयएक्सएफ. प्रचंड फुगलेल्या एका तांबड्या ताऱ्याचा गाभा स्वतःच्या वजनाने कोसळला आणि बाहेरचे थर उधळले गेले. अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे. म्हणजे ‘तारा फुटला’ अशी बातमी आपण ताजी म्हणून वाचली, पण तो फुटला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता! लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणींनीही त्याची निरीक्षणे घेतली.

हा तारा अकराव्या प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक) उजळला होता, म्हणजे नुसत्या डोळ्यांना नाही, पण सहा-आठ इंची हौशी दुर्बिणीच्या आवाक्यात. मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास तो भाग नागपुरातून उत्तरेला चांगला उंच असतो, आणि उकाड्याने माणसे तशीही गच्चीवरच असतात. आमच्याकडे दुर्बीण होती, बघायला टपलेली पोरे होती. दीर्घिका मात्र सापडली नाही. तिचा प्रकाश जवळपास पूर्णचंद्राएवढ्या जागेत पसरलेला असतो, त्यामुळे आकाश थोडे जरी उजळले तरी आधी ती पुसली जाते. तीच दिसत नसेल तर भोवतीच्या ठिपक्यांतला अतिनवतारा कोणता, हे पोरांना दाखवायचे कसे?

उपाय दूरचा नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोली अशा गावांत अंधार केला नाही, उजेड खाली पाडणारे दिवे बसवले. रात्री उशिरा घरी येणाऱ्या बायाबापड्यांना रस्त्यावर उजेड हवा, यात वाद नाहीच. उलट वर जाणारा उजेड खाली वळला तर तोच रस्त्याला मिळेल, शिवाय विजेचे पैसेही ढगांवर खर्च होणार नाहीत.

शहरभर एकदम हे होणार नाही, ठाऊक आहे. निदान अंबाझरी आणि फुटाळा तलावांच्या काठावर, रमण विज्ञान केंद्राच्या परिसरात सुरुवात व्हावी. आणि नवे दिवे घेताना निविदेतच उजेड वर जाऊ न देणाऱ्या झाकणाची अट असावी, म्हणजे नंतर पुन्हा खांबावर शिडी लावायला नको.

एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर