गाडीवरचं कव्हर काढा, बाबा

चाकण,
दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, झेंडूची माळ घातलेल्या गाडीचा फोटो काल मिळाला. बॉनेट इतकं चकाकतंय की त्यात माड दिसतोय. पण गणपतीत आले होते तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट मी उचलून पाहिलं होतं. नुसतं बोट लावलं तर पत्र्याचा पापुद्रा निघून आला. घरात पाहुणे होते म्हणून बोलले नाही, आणि फोनवर विषय काढला की तुम्ही ‘होय होय, बघू’ म्हणून फोन आईकडे देता. म्हणून हे पत्र.

आधी रागावण्याची गोष्ट सांगून टाकते. ते निळं कव्हर काढा. ‘झाकून ठेवली काय खारो वारो लागूचो नाय,’ असं तुम्ही म्हणता, पण वारा खालून जातोच, आणि एकदा आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही. आईची मिठाची बरणी पावसाळ्यात कशी पाझरते? हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून पाणी ओढून घेतं. पत्र्यावर बसलेला खारही तेच करतो. पाऊस नसला तरी गाडी ओलीच, आणि वर कव्हर घालून आपण ती वाळूही देत नाही.

आमच्या कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये नमुन्याचे पत्रे एका पेटीत ठेवतात. आत 35 अंश तापमान आणि शंभर भागांत पाच भाग मीठ असलेल्या पाण्याचा अखंड फवारा. कुठला रंग किती तास तग धरतो ते त्यात कळतं. पहिल्यांदा ती पेटी पाहिली तेव्हा मला हसूच आलं होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये आपलं देवबाग. आपण राहतोच त्या पेटीत!

तरी कारखान्यातून गाडी उघडी येत नाही. अख्खी बॉडी टाकीत बुडवून, वीज सोडून प्रायमर चढवतात. पण तो थर जेमतेम 20 मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. चाकाखालचा खडा उडून त्याचा टवका उडाला की तिथून गंज आत पसरतो. वरचा रंग फुगलेला दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. म्हणून वरून फडकं मारून भागत नाही, बाबा.

तुम्हाला हे मी शिकवायचं म्हणजे गंमतच आहे. होडीवरून आलात की इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात चालवल्याशिवाय तुम्ही चहासुद्धा घ्यायचा नाहीत. गाडीलाही तेवढंच हवंय. आत्ता विहिरीचं पाणी गोडं आहे तोवर मडगार्डच्या आतून, खालून, पाइप लावून तांबडी माती निघेपर्यंत धुवा. मे महिन्यात पाणी मचूळ झालं की मात्र विहिरीचं नको, नळाचंच घ्या. आणि दादाच्या मुलांनी गाडी पुळणीवर नेली, तर त्याच संध्याकाळी धुवायला लावा. त्यांनाच.

दरवाजांच्या खालच्या कडेला लांबट भोकं आहेत. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती चिखलाने बुजली की दरवाजा आतून कुजतो. केरसुणीचा हीर घालून मोकळी करा, तार नको, रंग खरवडला जाईल. पुढच्या काचेखाली आंब्याची पानं साठतात तीही काढा. मॅटखालचं पाणी तिथूनच येत असावं असा माझा संशय आहे.

आता गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून मारलेलं ते काळं कोटिंग. ज्याने गेल्या वर्षी मारून दिलं त्याने खालचा गंज न घासता, मातीवरच फवारलं, आणि निम्मी भोकंही बुजवली. गंजावर मारलेलं कोटिंग म्हणजे दुसरं कव्हरच. पाणी आत कोंडून राहतं. पैसे गेले ते गेले. त्याच्याशी भांडायला जाऊ नका, तुमचं बीपी वाढतं. फक्त पुन्हा तिकडे गाडी देऊ नका.

दिवाळीत मी येतेय. कुडाळला रॅम्पवर गाडी चढवून घेऊ. फ्लोअरचा कुजलेला तुकडा कापून नवीन पत्रा वेल्ड करावा लागेल. नुसती लांबी (पुट्टी) भरून देतो म्हणणाऱ्याला हो म्हणू नका. पोकळ भागांत मारायचं पातळ मेण मी इथून आणते. ते भोकांतून आत फवारलं की सांध्यांत झिरपतं. दरवर्षी पावसाच्या आधी एकदा मारायचं, होडीला तेल लावता तसं.

तोवर गाडी पडवीच्या कडेला, वारा खेळेल अशी उभी करा. आई, तुझ्या चुलीच्या लाकडांवर घालायला तू कधीपासून ताडपत्री मागतेयस ना? ते निळं कव्हर घे. बाबांना विचारू नकोस.

तुमची,
मनू