बाराबंदीच्या आतला टीशर्ट

मास्तर,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही शिलाईचं मशीन जोरात चालवता, म्हणजे पुढचं ऐकूच येऊ नये. म्हणून हे उघड पत्र. नातू वाचून दाखवेल तेव्हा मशीन बंद ठेवा.

आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेला तो फ्रेंच पाहुणा आठवतो ना? नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर चालणारी, बंदांनी बांधायच्या पांढऱ्या अंगरख्यातली, म्हणजे बाराबंदीतली माणसं बघून इतका हरखला, की दुसऱ्या दिवशी स्वतःच बाराबंदी घालून माझ्या दारात हजर. असंच माझं चित्र काढा म्हणाला. काढलं. चेहरा जमला, हात जमले, पण सगळं मिळून शाळेच्या गॅदरिंगमधला मावळा दिसत होता.

संक्रांतीच्या गर्दीतून नुकते मोकळे झालेले तुम्ही, तरी शटर अर्धं ओढून आलात. चित्रासमोर उभं राहून म्हणालात, "हे बंद नाहीत, बटणं आहेत." मग एक बाराबंदी माझ्याच अंगावर चढवलीत. आधी आतले बंद, मग वरचे. गाठ आवळल्यावर चुण्या काखेकडे कशा धावतात आणि खांदा आपोआप कसा मागे जातो, हे आरशात दिसलं. वीस वर्षं माणसं रंगवतोय, पण कपडा माणसाला ओढतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

खरा उपकार त्यापुढचा. पाहुण्याच्या फोटोत त्याच्या गळ्याशी निळी रेघ होती. टीशर्टची. मी ती चित्रात गाळली होती, बरी दिसत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, "अहो, त्याच्या अंगावर त्याचं स्वतःचं तेवढंच आहे!"

मग मी तुम्हाला विल्यम फील्डिंगचं चित्र दाखवलं. हा इंग्रज सरदार १६३१मध्ये हिंदुस्थानात आला, १६३३मध्ये परतला आणि व्हॅन डाइक या चित्रकाराकडून पूर्णाकृती चित्र काढून घेतलं: गुलाबी रेशमी जाकीट, पायजमा, हातात बंदूक, शेजारी फेटेवाला पोरगा. मी आजवर ते रेशीमच बघत होतो. तुमचं बोट थेट गळ्यावर गेलं. आत पांढरा शर्ट, त्याच्या देशातला! पोरगा पोपट दाखवतोय, त्याकडे तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत.

लिओटारची तऱ्हा मात्र वेगळी, तेव्हा सांगायची राहिली. जिनिव्हाचा हा चित्रकार १७३८मध्ये इस्तंबूलला गेला, चारेक वर्षं राहिला, दाढी वाढवली आणि पुढे व्हिएन्नातही तुर्की झग्यातच वावरला. स्वतःच्या चित्रावरही त्याने 'तुर्की चित्रकार' असंच लिहिलं. त्यात हौस होती तशी जाहिरातही असावी, असं आपलं मला वाटतं. पण झगा त्याच्या अंगवळणी पडला होता. आमच्या पाहुण्याची बाराबंदी एका दिवसाची. तिला मुरलेली दाखवणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं.

बंद पुन्हा रंगवले. निळी रेघ परत आली. पाहुणा आधी हसला, मग बराच वेळ बघत राहिला. चित्र सोलापुरी चादरीत गुंडाळून घेऊन गेला.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. तुमची ती नमुन्याची बाराबंदी अजून माझ्याकडेच आहे आणि डाव्या बाहीवर निळ्या रंगाचा डाग पडलाय. निघत नाहीये. संक्रांतीआधी आणून देतो, काय बोलायचं ते तेव्हा बोला.

तुमचा,
गल्लीतला पेंटर