लाल ठिपका काढायला किती वेळ लागतो?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या सोसायटीत रोज सकाळी कचरा न्यायला ताई येतात, काल त्यांचा हात कापला, कारण कुणीतरी फुटलेला काचेचा ग्लास तसाच ओल्या कचऱ्यात टाकलेला, वर चहाचा चोथा आणि डायपर, सगळं एकाच काळ्या पिशवीत. अहो २०१६ च्या घनकचरा नियमांपासूनच स्पष्ट आहे, ओला-सुका वेगळा द्यायचा, पॅड-डायपर नीट गुंडाळून द्यायचे. वर पेनाने लाल ठिपका काढला की उचलणाऱ्याला न उघडताच कळतं. एवढंही जमत नाही आपल्याला, फ्लॅटमागे दोन गाड्या घ्यायला बरोबर जमतं!

आणि खालचं हॉटेल तर विचारूच नका, पार्सलचं सांबार अजून पातळ कॅरीबॅगला गाठ मारून देतात. राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पहिल्यांदा सापडलं तर ५००० रुपये दंड. मी स्टीलचा डबा नेला तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "काका, डब्यात माप कळत नाही." दोन वाट्या सांबाराचं कसलं आलंय माप? शेवटी पिशवी तिथेच डब्यात रिकामी केली, आणि ती पिशवी त्याने बेसिनखालच्या बादलीत टाकली, उष्ट्या भातावर.

– एक वाचक, कोथरूड, पुणे