दादाला हे वाचून दाखवा

क्युबाओ, केझॉन सिटी
रविवार, रात्री

ती. अण्णांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुमचं आणि दादाचं जे चाललं होतं ते अर्धं ऐकलं आणि रेंज गेली. मंडळ म्हणतं पोरांना कबड्डी शिकव, दादा म्हणतो शिकवीन पण चढाईलाही जाईन, आणि तुमचं एकच, दोन्ही डगरींवर पाय ठेवायचा नाही. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते.

इथे फिलिपिन्समध्ये एक माणूस तेरा वर्षं दोन्ही डगरींवर उभा होता, बास्केटबॉल संघाचा कोचही आणि खेळाडूही. त्याचं नाव रॉबर्ट जावोर्स्की. पुढे काही सांगण्याआधी त्याचं सगळ्यात वाईट कृत्य सांगते, कारण तुम्ही आयुष्यभर पंचगिरी केली आहे आणि हे नंतर कळलं तर पत्र फाडून टाकाल. डिसेंबर 1971 मध्ये भर सामन्यात त्याने आणि त्याच्या एका जोडीदाराने दोन रेफ्रींना मारलं. संघटनेने दोघांवर जन्मभराची बंदी घातली. ती जेमतेम वर्षभर टिकली. 1973 ची आशियाई बास्केटबॉल स्पर्धा मनिलातच होती, संघाला गडी कमी पडत होता, म्हणून बंदी उठवली. फिलिपिन्सने स्पर्धा जिंकली आणि सगळे सगळं विसरले. तुम्ही काय म्हणाल ते मला इथे ऐकू येतंय. माझंही मत तेच आहे.

आता बाकीचं ऐका.

मी राहते त्या घराचे मालक सत्तरीचे आहेत. टीव्हीवर मॅच लागली की मला हाक मारतात, आणि संपली की जुन्या मॅचेस सांगत बसतात. इथे बास्केटबॉल म्हणजे काय ते गल्लीत आल्याशिवाय कळत नाही. विजेच्या खांबाला फळी ठोकलेली, तिला लोखंडी कडं, खाली पोरं रबरी चपला घालून उड्या मारतात. रिक्षा आली की खेळ थांबतो, गेली की सुरू. अमेरिकन राज्यात हा खेळ आला आणि इथलाच झाला. 1954 च्या जागतिक स्पर्धेत या लोकांनी कांस्यपदक मिळवलं होतं, आणि ते अजून काल मिळाल्यासारखं सांगतात.

जावोर्स्कीचा जन्म 1946 चा, बागिओ या डोंगरातल्या गावचा. बाप पोलिश वंशाचा अमेरिकन, आई इथल्या इलोकानो समाजातली. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकला देशाकडून खेळला. 1975 मध्ये इथे पीबीए सुरू झाली, आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तेव्हा तो टोयोटाकडून खेळायचा. समोर क्रिस्पा नावाचा कापड कंपनीचा संघ. या दोन संघांत खेळ कमी आणि भांडण जास्त, इतकं की एप्रिल 1977 मध्ये हाणामारीनंतर दोन्हीकडच्या खेळाडूंना लष्करी छावणीत नेऊन ठेवलं होतं. मार्शल लॉचे दिवस होते ते. 1978 ला तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचं वैशिष्ट्य गुण करण्यात नव्हतं, दुसऱ्याला करून देण्यात होतं. लीगमध्ये पाच हजारांच्या वर पास असे की ज्यावर पुढच्याने बास्केट केली, हा टप्पा त्याने सगळ्यांच्या आधी गाठला. दादाला हे ठळक अक्षरात वाचून दाखवा.

1984 च्या सुरुवातीला टोयोटाने संघ मोडला. हा गेला एका जिन बनवणाऱ्या कंपनीच्या संघात. नाव बदलत राहिलं, पण लोक त्याला हिनेब्रा म्हणूनच ओळखतात. 1985 मध्ये त्यालाच कोच केलं. वय 39. खेळणं सोडलं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जे झालं त्यावर हा संघ आजपर्यंत जगतोय. समोरच्या संघातल्या एका धिप्पाड अमेरिकनाचं कोपर याच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला. हॉस्पिटलात नेलं, नऊ टाके घातले. इकडे संघ पंधराएक गुणांनी मागे. शेवटच्या सत्रात हा ओठाला पट्टी लावून परत आला आणि बेंचवर बसला. मग उठून आत जायला टेबलापाशी गेला. घरमालक म्हणतात, त्या क्षणी स्टेडियमचं छप्पर उडायचं तेवढं बाकी होतं. समोरच्यांचे हातपाय गळाले आणि हिनेब्राने सामना फिरवला. मेलो तरी हरलो म्हणायचं नाही, हे त्या संघाचं ब्रीद तेव्हापासूनचं.

पण अण्णा, नुसती अशी शौर्याची गोष्ट असती तर मी लिहिली नसती, अशा गोष्टी आपल्याकडे प्रत्येक मंडळात आहेत. कोच म्हणून तो कसा होता हे मी खोदून खोदून विचारलं. डावपेचात तो फार मोठा नव्हता, हे त्याचे भक्तसुद्धा दबक्या आवाजात मान्य करतात. त्याच्या नावावर लीगची चार विजेतेपदं आहेत, 1986, 1988, 1991 आणि 1997. जुने कोच बेबी दालुपान यांची पंधरा आहेत. आत्ताचा कोच टिम कोन याची वीसच्या वर, आणि तो या लीगमध्ये एकही सामना खेळलेला नाही. म्हणजे उत्तम खेळाडूच उत्तम शिकवतो असं काही नाही, हा मुद्दा तुमचाच, तो तुम्हाला देऊन टाकते.

जावोर्स्कीचं बळ वेगळं होतं. बेंचवरच्या शेवटच्या पोरालाही आपला नंबर लागू शकतो असं वाटायचं. 1991 च्या अंतिम फेरीत संघ 1-3 ने मागे होता, तिथून बरोबरी झाली आणि सातव्या सामन्यात अगदी शेवटच्या क्षणाला विजयी बास्केट टाकली ती रुडी डिस्ट्रिटोने. तो काही संघाचा राजा नव्हता, आडदांड, भांडकुदळ गडी. आणि क्रिस्पाचा फिलिप सिझर, ज्याच्याशी याचं आयुष्यभराचं वैर, तोसुद्धा उतारवयात याच्याच हाताखाली खेळला.

राग मात्र गेला नाही. 1990 च्या अंतिम फेरीत रेफ्रींच्या निर्णयावर चिडून याचा संघ सामना अर्धवट टाकून निघून गेला. साडेपाच लाख पेसो दंड झाला आणि चषक समोरच्यांना. कोच स्वतः तापट असला की संघाला थंड कोण करणार? इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट 1989 ची. टोयोटा मोडल्यापासून जावोर्स्की आणि त्याचा जुना सोबती रॅमन फर्नांडिस एकमेकांशी बोलत नव्हते. लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात दोघे एका संघात आले, कोच दालुपान. जावोर्स्कीला कॉलेजात त्यांनीच घडवलेलं, पुढे क्रिस्पाचे कोच म्हणून ते याच्याविरुद्धच उभे राहिले. शेवटच्या क्षणी जावोर्स्कीने बाहेरून चेंडू टाकला, फर्नांडिसने बास्केट केली, सामना जिंकला. दालुपान यांनी दोघांना मैदानाच्या मध्यभागी बोलावून हात मिळवायला लावले. चांगल्या कोचचं काम कुठवर जातं ते बघा. आपल्याकडचे दोन संघ एक गाव असून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, तिथे असा कोणी आहे का?

पन्नाशी उलटल्यावरही जावोर्स्की अधूनमधून स्वतःला आत घ्यायचा. मुलगाही त्याच संघात होता, बापलेक एका जर्सीत. पण थोडाच वेळ, लोकांनी नावाचा गजर केला की. बाकी वेळ बाहेर उभा. 1998 ला सिनेटर झाला, मग संघ सुटला. राजकारणात त्याने काय केलं हे विचारलं तर घरमालक चहा ओततात. 7 नंबरची जर्सी 2012 पासून कोणाला देत नाहीत.

तर दादाला विचारा, स्वतःला बाहेर बसवायचं धाडस आहे का? दोन मिनिटं राहिली असताना, लोक त्याच्या नावाने ओरडत असताना, एकोणीस वर्षांच्या पोराला चढाईला पाठवशील का? हो म्हणाला तर दोन्ही करू द्या त्याला. गुडघ्याचा एमआरआय मात्र आधी करायचा, पैसे मी या महिन्यात पाठवते, सांगलीलाच करा, पुढे ढकलू नका.

आईला सांगा मेतकूट पोचलं, डब्याचं झाकण फुटलं होतं पण पिशवी शाबूत होती. घरमालकिणीने ते भातावर घालून खाल्लं आणि अजून मागतेय, तेव्हा पुढच्या वेळी दुप्पट.

तुमची,
धाकटी